एफआरपीतला ‘फेअर’, बायोडेटातला ‘फेअर’

कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘एफआरपी’ रोज येते. एफआरपी थकली, एफआरपी एकरकमी द्या, यंदा एफआरपी वाढली, ही वाक्यं कोल्हापूर-सांगलीकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. हमीभावाने सोयाबीन विकायला खरेदी केंद्रावर गेलेल्या शेतकऱ्याला दुसरंच एक लघुरूप भेटतं, ‘एफएक्यू’. माल एफएक्यू दर्जाचा असेल तरच घेतला जाईल, असं त्याला सांगितलं जातं. या दोन्हींतला ‘एफ’ म्हणजे इंग्रजीतलं ‘फेअर’ हे विशेषण. एफआरपी म्हणजे ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’ आणि एफएक्यू म्हणजे ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’. पहिल्या ठिकाणी फेअरचा अर्थ रास्त, तर दुसऱ्या ठिकाणी मध्यम, बऱ्यापैकी, चालण्यासारखा. घरातल्या मुलीचा बायोडेटा इंग्रजीत करायला घेतला की ‘कॉम्प्लेक्शन’पुढे पुन्हा हाच शब्द येतो आणि तिथे तो गोऱ्या रंगाबद्दल बोलतो. घरातलं कुणी दवाखान्यातून परतलं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर ‘जी. सी. फेअर’ अशी नोंद सापडू शकते. जी. सी. म्हणजे जनरल कंडिशन. पेशंटची एकंदर प्रकृती ठीक आहे, एवढंच डॉक्टरांना त्यातून सांगायचं असतं.

रास्त, मध्यम, गोरं आणि ठीक हे अर्थ एकमेकांपासून इतके लांबचे आहेत की ते एका शब्दात नांदतात याचंच आश्चर्य वाटावं. शब्दकोशात ते क्रमांक घालून एकाखाली एक दिलेले असतात, पण ते तिथपर्यंत कसे पोचले हे कोश वाचून चटकन कळत नाही. हा प्रवास समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण हा शब्द आता आपल्या पिकांच्या दरात, जमिनीच्या कायद्यात आणि लग्नाच्या बोलणीत येऊन बसला आहे. प्रत्येक ठिकाणी तो कुणाला तरी काही देतो किंवा कुणाला तरी काही नाकारतो.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द लिहिताना मध्ये ‘जी’ हे अक्षर येत असे. त्याचा उच्चार ‘य’सारखा झाला आणि पुढे तो शेजारच्या स्वरात मिसळून गेला. डे, रेन आणि नेल या शब्दांतलं ‘जी’ही असंच नाहीसं झालं. शब्दाचा तेव्हाचा अर्थ होता सुंदर, देखणं, मनाला प्रसन्न करणारं. गॉथिक या जर्मानिक कुळातल्या जुन्या भाषेत त्याच्या सख्ख्या भावंडाचा अर्थ ‘योग्य, जुळणारं’ असा आहे. नीट बसणारी गोष्ट डोळ्याला सुंदर दिसते, असा काहीसा संबंध त्यामागे असावा. रंगाचा त्यात मागमूसही नव्हता.

याचा चांगला पुरावा नॉर्वेच्या एका राजाच्या नावात सापडतो. नवव्या शतकातल्या या हाराल्डला इंग्रजीत ‘हॅरल्ड फेअरहेअर’ म्हणतात, आणि आजचा वाचक साहजिकच सोनेरी केसांचा राजा डोळ्यांपुढे आणतो. आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात सांगितलेली कथा वेगळी आहे. सारा नॉर्वे ताब्यात येईपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही, अशी शपथ हाराल्डने घेतली. दहा वर्षं केसांच्या जटा झाल्या, लोक त्याला झिपऱ्या म्हणू लागले. देश जिंकल्यावर रोग्नवाल्ड नावाच्या सरदाराने त्याचे केस कापले, विंचरले आणि मग त्याला हे नवं नाव मिळालं. या नावातलं ‘फेअर’ म्हणजे देखणं, नीट केलेलं. केस काळे होते की पिवळे, याबद्दल नाव काही सांगत नाही.

फेअर कळायचा असेल तर त्याचा विरुद्धार्थी शब्द हाताशी ठेवावा लागतो. तो म्हणजे ‘फाउल’. आपल्याला तो खेळाच्या मैदानावरून माहीत आहे, पण त्याचा मूळ अर्थ सडलेलं, घाण, दुर्गंधी येणारं असा आहे. संस्कृतातल्या ‘पूय’शी त्याचं मूळ एकच, म्हणजे जखमेत होणारा आपला पू हा फाउलचा दूरचा नातेवाईक. फेअर म्हणजे ज्यात असला बिघाड, डाग, अडथळा नाही ते. हे सूत्र धरलं की शब्दाचे निम्मे अर्थ आपोआप उलगडतात. वादळ-पाऊस नसलेली हवा फेअर. जुन्या वायुभारमापकाच्या तबकडीवर ‘स्टॉर्मी’, ‘रेन’, ‘चेंज’, ‘फेअर’ असे शब्द गोलाकार कोरलेले असत आणि काटा फेअरकडे सरकला की दर्यावर्दी निर्धास्त होत. शिडाच्या जहाजाला हव्या त्या दिशेने नेणारा वारा फेअर. बंदरात शिरताना खडक किंवा गाळ आड न येणारी पाण्याची वाट ‘फेअरवे’. गोल्फच्या मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यालाही हेच नाव आहे. जहाजबांधणीत सांगाड्याची वक्ररेषा कुठेही उंचवटा किंवा खळगा न येता सलग वाहत गेली तर तिला फेअर म्हणतात. मोटारसायकलच्या पुढच्या बाजूला वारा कापण्यासाठी जे गुळगुळीत आवरण असतं, त्याचं ‘फेअरिंग’ हे नावही याच घराण्यातलं.

आपल्या शाळांतली ‘फेअर वही’ इथूनच आलेली आहे. रफ वहीत खाडाखोड करायची आणि मग ‘फेअर करायचं’, हे मराठी शाळेत शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या काळात नाटकाच्या खाडाखोड केलेल्या पहिल्या हस्तलिखिताला ‘फाउल पेपर्स’ म्हणत. ज्या नाटकमंडळीसाठी शेक्सपिअरने लिहिलं, त्याच मंडळीच्या एडवर्ड नाइट या लेखनिकाने ‘बोंडुका’ नावाच्या नाटकाची प्रत करताना तशी नोंद ठेवली आहे: मूळ प्रत हरवली, म्हणून लेखकाच्या फाउल पेपर्सवरून ही उतरवून काढली. शेक्सपिअरच्या नाटकांचे छापील पाठ ठरवणारे संशोधक आजही ‘हा पाठ फाउल पेपर्सवरून छापला असावा की फेअर प्रतीवरून’ असा वाद घालतात. आपल्याकडे फाउल गेला आणि त्याच्या जागी रफ आला, फेअर मात्र टिकला.

(मराठीत लिहिताना एक गोंधळ टाळायला हवा. जत्रा किंवा प्रदर्शन या अर्थाचा ‘फेअर’ हा निराळा शब्द आहे. तो सणासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. प्रवासभाड्याचा ‘फेअर’ तर तिसराच. त्यांचा या विशेषणाशी संबंध नाही.)

मग यात रंग कुठून आला? मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये ‘फेअर’ आणि ‘ब्राउन’ हे शब्द माणसांबद्दल बोलताना जोडीने वापरले जाऊ लागले. ज्या समाजात उन्हात राबणारा माणूस रापलेला आणि वाड्यात बसणारा फिका असतो, तिथे फिकेपणाला प्रतिष्ठा मिळते आणि सौंदर्याचा शब्द हळूहळू त्या रंगावर जाऊन बसतो. एलिझाबेथच्या काळात तो पक्का बसला होता. श्रीमंत स्त्रिया चेहरा पांढरा दिसावा म्हणून शिशाचा लेप लावत. तो विषारी होता, तरी लावत. शेक्सपिअरला या शब्दातली ही ओढाताण स्पष्ट दिसत होती. १६०९ मध्ये छापलेल्या त्याच्या सुनीतांत १२७व्यापासून पुढे एक काळ्या डोळ्यांची, काळ्या केसांची स्त्री येते आणि कवी फेअर या शब्दाचे सुंदर, गोरा आणि खरा हे तिन्ही अर्थ एकमेकांवर आपटत राहतो. ‘ऑथेल्लो’त व्हेनिसचा ड्यूक काळ्या सेनापतीची भलामण करतो, ती त्याच्या गुणांना फेअर ठरवून. ही स्तुती आज वाचताना मन थबकतं. माणूस चांगला आहे हे सांगण्यासाठी ड्यूकला आधी त्याचा रंग बाजूला सारावा लागतो, आणि भाषाही त्याला तशीच वाट काढून देते.

भारतात हा शब्द आला तेव्हा गोऱ्या रंगाचं कौतुक इथे नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा ही उतरंड मराठीत आहेच. आपण तिचं इंग्रजी भाषांतर करताना गव्हाळसाठी ‘व्हीटिश’ वापरलं, जो शब्द इंग्लंडमध्ये कुणी माणसाच्या रंगासाठी वापरत नाही. दुसरीकडे विठोबाच्या सावळेपणावर जीव ओवाळून टाकणारी अभंगांची परंपराही इथलीच. देवाच्या बाबतीत सावळा हा शब्द लाडाचा आणि मुलीच्या बाबतीत तो दबक्या आवाजात उच्चारायचा, हे दोन्ही एकाच घरात चालतं. इंग्रजी फेअरने यात एका गोष्टीची भर घातली. गोरा या मराठी शब्दात फक्त रंग आहे. फेअरमध्ये रंगासोबत सौंदर्य, स्वच्छता आणि चांगुलपणाही आहे. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली, तेव्हा या जोडशब्दाची सगळी ताकद त्यात होती. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला. त्या वर्षी कंपनीने नावातला फेअर काढून ‘ग्लो’ आणला आणि त्याच सुमारास एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने स्थळं चाळताना त्वचेचा रंग निवडण्याची सोय बंद केली. मला हे बदल वरवरचे वाटत नाहीत. फॉर्ममध्ये रकाना असला की तो भरला जातो. तो काढून टाकला तर मुलीला स्वतःच्या हाताने आपल्या रंगाची प्रतवारी लिहावी लागत नाही. पण घरोघरी टाइप होणाऱ्या बायोडेटातला रकाना कुठलीही कंपनी काढू शकत नाही, तो घरातल्याच कुणीतरी काढावा लागेल.

न्यायाचा अर्थ फेअरला मिळाला तो डाग नसण्यातूनच. ज्या वागण्यात लबाडीचा डाग नाही ते फेअर. चौदाव्या शतकापर्यंत ‘पक्षपात नसलेला’ हा अर्थ इंग्रजीत रुजला होता आणि ‘फेअर प्ले’ ही जोडी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली. इथे फेअर आणि ‘जस्ट’ यांत एक फरक आहे, तो ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. जस्ट हा शब्द लॅटिनमधून, कायदा आणि न्यायासनाच्या दिशेने आला. फेअर खेळाच्या आणि व्यवहाराच्या मैदानात वाढला. दोघांनी आधी मान्य केलेले नियम दोघांनाही सारखेच लागू झाले, तर गोष्ट फेअर. त्या नियमांतून शेवटी चांगलं निष्पन्न झालं की नाही, हा प्रश्न फेअर सहसा विचारत नाही. मराठी मुलं खेळताना ‘रडीचा डाव’ म्हणून जो आरडाओरडा करतात, तो याच अर्थाने अनफेअरचा. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या ॲना व्हेझ्बिका या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००६ च्या आपल्या पुस्तकात असं मांडलं की फेअरला इतर युरोपीय भाषांत नेमका प्रतिशब्द नाही, ती इंग्रजी बोलणाऱ्या समाजाने घडवलेली खास कल्पना आहे. जर्मनांनी तर हा शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा उचलला.

नियम पाळले तरी डाव रडीचा असू शकतो का? क्रिकेटने या प्रश्नाशी पाऊणशे वर्षं झुंज घेतली आहे. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला धावचीत केलं. आधीच्या एका दौरा सामन्यात त्यांनी ब्राउनला ताकीद दिली होती, तरी तो पुढे सरकतच होता. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी मांकड यांच्यावर टीका केली. त्यांची बाजू घेतली ती प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी. नियमात आहे, आणि फलंदाज बेकायदा फायदा घेत होता, मग चूक गोलंदाजाची कशी, असा त्यांचा मुद्दा होता. तरीही मांकड यांचं आडनाव पुढची कित्येक दशकं एका हलक्या समजल्या गेलेल्या कृतीला चिकटून राहिलं. २०२२ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने हा नियम ‘अनफेअर प्ले’ या प्रकरणातून काढून साध्या धावचीतच्या प्रकरणात हलवला. मांकड यांच्या बाबतीत हे फार उशिरा झालं, असं मला मनापासून वाटतं.

फुटबॉलमध्ये याच्या उलट दृश्य दिसलं. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल सगळं सारखं होतं. आपसातला सामनाही बरोबरीत सुटला होता. शेवटी ‘फेअर प्ले’चे गुण मोजले गेले. जपानला चार पिवळी कार्डं होती आणि सेनेगलला सहा, म्हणून जपान बाद फेरीत गेला. पण तो गेला कसा? पोलंडविरुद्ध एका गोलने मागे असतानाही शेवटची दहा-एक मिनिटं जपानचे खेळाडू आपसातच चेंडू फिरवत राहिले. दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरतोय आणि कार्डांचा हिशेब आपल्या बाजूने आहे, हे त्यांना कळलं होतं. व्होल्गोग्राडच्या मैदानात प्रेक्षक हुर्यो उडवत होते. फेअर प्लेच्या नियमाने पुढे जाणारा संघ प्रेक्षकांना त्या दहा मिनिटांत अनफेअर वाटत होता.

तत्त्वज्ञानात हीच कल्पना अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स यांनी फार उंचीवर नेली. १९५८ च्या निबंधात आणि १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात त्यांनी न्यायाची व्याख्याच फेअरनेसवरून केली. समाजाचे नियम ठरवणाऱ्यांना आपण पुढे श्रीमंत असू की गरीब, स्त्री असू की पुरुष, धडधाकट असू की आजारी हे माहीतच नाही असं समजा. अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून सगळे ज्या नियमांना होकार देतील, ते न्याय्य. केक एकाने कापायचा आणि पहिला तुकडा दुसऱ्यांनी उचलायचा, या घरगुती युक्तीचा त्यांनी दाखला दिला आहे. अमर्त्य सेन हे रॉल्स यांचे चाहते, पण २००९ च्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये त्यांनी हरकत घेतली आणि ती घेताना नीती आणि न्याय हे दोन संस्कृत शब्द आणले. संस्था आणि नियम ठाकठीक असणं ही नीती. माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्षात काय घडतं ते न्याय. मला सेन यांची ही विभागणी मराठी वाचकासाठी विशेष उपयोगाची वाटते. नियम सर्वांना सारखा लावला म्हणून कारभार हात झटकू शकत नाही, हे आपल्याला शब्दांतूनच कळतं.

भारतीय न्यायालयांनी फेअरला केवळ नियमापुरता राहू दिलं नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जप्त केला आणि कारण सांगायला नकार दिला. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ म्हणतो की कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावता येणार नाही. कायद्यात पद्धत लिहिलेली असली की पुरे, असा त्याचा अर्थ त्याआधी लावला जात असे. १९७८ च्या जानेवारीत सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की ती पद्धत न्याय्य, फेअर आणि वाजवी असली पाहिजे, मनमानी चालणार नाही. आरोपीला वकील मिळणं, खटला वेळेत चालणं, माणसाला आपलं म्हणणं मांडायला मिळणं अशा कितीतरी हक्कांना नंतर याच निकालाचा आधार मिळाला. लिखित घटनेत नसलेला शब्द निकालाने तिच्यात आणून बसवला आणि सामान्य माणसाचं त्यात भलं झालं.

आता उरला ‘मध्यम’ हा अर्थ. सुंदर या उंचीवरून शब्द इथवर कसा घसरला? आधी फेअर म्हणजे ‘बराच, भरपूर’ असा अर्थ आला. ‘अ फेअर डिस्टन्स’ म्हणजे बरंच अंतर. मग कौतुकाला आवर घालण्याच्या इंग्रजी सवयीने ‘बरंच’चं ‘बऱ्यापैकी’ झालं आणि एकोणिसाव्या शतकात प्रतवारीच्या तक्त्यांत त्याला कायमची जागा मिळाली: एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. मराठीतल्या ‘बरा’चंही असंच झालं आहे. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात फेअर प्रत म्हणजे मजकूर पूर्ण, पण कोरी पानं किंवा अर्धशीर्षक नसलेली, वापरून जुनी झालेली प्रत. अमेरिकेतल्या रुग्णालयात नातेवाइकाची प्रकृती फेअर आहे असं फोनवर सांगितलं, तर ते ऐकून इकडची माणसं धास्तावू शकतात. तिथल्या परिभाषेत गुडच्या खाली आणि सीरियसच्या वर फेअर येतं: नाडी, रक्तदाब वगैरे स्थिर, रुग्ण शुद्धीवर, थोडा त्रास असेल इतकंच.

खरेदी केंद्रावरचा एफएक्यू या रांगेतला आहे. तिथे फेअर म्हणजे सरासरी चांगला माल, आणि सरासरी म्हणजे काय हे आकड्यांनी ठरतं. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. काडीकचरा, डागी आणि फुटके दाणे यांनाही मर्यादा. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की ओलावा चढतो, माल परत येतो आणि शेतकऱ्याला तो हमीभावाखाली व्यापाऱ्याला द्यावा लागतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. फेअर या शब्दाची रेषा तीन टक्क्यांनी सरकली, आणि त्या तीन टक्क्यांत कितीतरी घरांचं वर्षाचं गणित होतं.

उसाची गोष्ट अधिक गुंतलेली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली पूर्वी केंद्र सरकार ‘वैधानिक किमान दर’ जाहीर करत असे. २००९-१० च्या हंगामापासून किमान गेलं आणि रास्त व किफायतशीर आलं. पहिली एफआरपी क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती, ९.५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघते असं धरून. २०२५-२६ साठी ती ३५५ रुपये आहे, १०.२५ टक्के उताऱ्याला. हा दर ठरवताना आदेशाने काय काय पाहायला सांगितलंय? उत्पादनखर्च, दुसऱ्या पिकांतून मिळणारं उत्पन्न, साखरेचा विक्रीदर, उतारा, मळी-बगॅससारख्या उपपदार्थांचं उत्पन्न, शेतकऱ्याच्या जोखमीचा आणि नफ्याचा वाजवी वाटा, आणि ग्राहकाला साखर ‘फेअर’ दरात मिळणं. म्हणजे एकाच आदेशात फेअर दोनदा येतो, एकदा पिकवणाऱ्यासाठी आणि एकदा खाणाऱ्यासाठी. दोघांचं हित परस्परविरोधी आहे आणि दोघांनाही रास्ततेचं वचन दिलेलं आहे. एफआरपीवरून दर हंगामात जो संघर्ष पेटतो, त्याचं एक मूळ मला या दुहेरी वचनात दिसतं. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज, हेही आदेशात आहे. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च या रकमेतून वजा होतो, त्यामुळे जाहीर झालेला आणि हातात पडणारा आकडा यांत अंतर राहतं.

फेअरला मराठीने निवडलेला ‘रास्त’ मला फार नेमका वाटतो. तो फारसीतून आला. मूळ अर्थ सरळ. संस्कृतातला ऋजु आणि इंग्रजीतला ‘राइट’ याच मुळाचे. ‘रास्त भाव दुकान’ या पाटीत तो दुकानोदुकानी लागला. याच दुकानांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो ठरवलं आणि २०२३ च्या जानेवारीपासून पात्र कुटुंबांना हे धान्य मोफत मिळतं.

व्यापारात या शब्दावर कुणाचाही कायमचा ताबा राहिलेला नाही. १८८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॅशनल फेअर ट्रेड लीग’ स्थापन झाली, ती परदेशी मालावर जकात बसवावी म्हणून. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘फेअर ट्रेड’ नावाखाली उत्पादकाला मालाचा किमान विक्रीदर ठरवू देणाऱ्या कायद्यांना संरक्षण मिळालं, म्हणजे ग्राहकाला स्वस्त मिळणं रोखलं गेलं. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅव्हेलार’ हा शिक्का सुरू झाला, तो गरीब देशांतल्या कॉफी पिकवणाऱ्यांना चांगला दर मिळावा म्हणून. नाव एकच, पण पहिल्यात कारखानदार सुरक्षित, दुसऱ्यात ब्रँड सुरक्षित आणि तिसऱ्यात शेतकरी. फेअर हा शब्द दिसला की तो कुणाच्या बाजूला उभा आहे, हे दर वेळी नव्याने तपासायला लागतं.

जमिनीच्या बाबतीत ही तपासणी सर्वांत गरजेची आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या नावात फेअर नव्हता. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्याच्या नावाची सुरुवातच ‘फेअर कम्पेन्सेशन’च्या, म्हणजे रास्त भरपाईच्या हक्काने होते. व्याख्यांच्या कलमात मात्र फेअर कम्पेन्सेशनची व्याख्या नाही. तो आकडा कलम २६ ते ३० मधल्या हिशेबातून निघतो: जमिनीचा बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला एक ते दोनपर्यंतचा गुणक, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. सगळं उभं आहे बाजारभावावर. तो काढताना रेडी रेकनरचा दर पाहतात आणि आसपासच्या गावांत आधीच्या तीन वर्षांत झालेली खरेदीखतं पाहतात. त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढायची. खरेदीखतात किंमत किती लिहिली, तेवढीच इथे धरली जाते. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी शेजाऱ्याने खऱ्या व्यवहारापेक्षा कमी आकडा लिहिला असेल, तर रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याची रास्त भरपाई तिथेच कमी होते. संपादनाची नोटीस हातात पडली की वकील पहिल्यांदा त्या तीन वर्षांच्या खरेदीखतांच्या नकला काढायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पाठवतात, ते याच कारणाने.